कनातीकडून कूपनलिकेकडे : इराणच्या पाण्याचा इतिहास

इराणमध्ये पावसाची वार्षिक सरासरी जेमतेम 250 मिलिमीटरच्या आसपास असते आणि पठाराच्या मध्यावरील यझ्दसारख्या शहरात ती 100 मिलिमीटरच्याही बरीच खाली जाते. तरीही या रखरखीत पट्ट्यात शतकानुशतके शहरे नांदली, डाळिंबाच्या बागा फुलल्या आणि गव्हाची शेती झाली, ती प्रामुख्याने कनातींच्या बळावर. कनात (मराठीतील तंबूच्या कनातीशी तिचा संबंध नाही) म्हणजे डोंगरपायथ्याच्या भूजलापासून गावाच्या शिवारापर्यंत अगदी हलक्या उताराने खोदलेला बोगदा होय. त्याच्या वरच्या टोकाला 'मादर-चाह', म्हणजे मातृविहीर, असते आणि तेथून खाली ठरावीक अंतरावर माती काढण्यासाठी व हवा खेळती राहण्यासाठी उभे कूप खणलेले असतात. खोरासानातील गोनाबादच्या कस्बे कनातीची मातृविहीर सुमारे 300 मीटर खोल असून तिच्या बोगद्यांची लांबी 33 किलोमीटरच्या घरात जाते. पाणी उपसण्यासाठी येथे ना बैल लागतो, ना इंजिन.

हे खोदकाम करणाऱ्या कारागिरास 'मुकन्नी' म्हणत आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. बोगद्याची दिशा सरळ राहावी म्हणून मुकन्नी पाठीमागे दिवे ओळीने ठेवी, आणि त्याच दिव्याची ज्योत मंदावली की आतली हवा विषारी झाल्याचे ओळखून बाहेर पडे; भुसभुशीत मातीत छत कोसळू नये म्हणून भाजलेल्या मातीची लंबगोल कडी बसवली जात, पण तेवढ्याने जिवाची शाश्वती मिळत नसे. इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभी अल-करजी या गणितज्ञाने भूगर्भातील पाणी वर आणण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे तंत्र पुढे दूरवर पसरले. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) बांधविलेली नहर त्याच कुळातली होय.

कनातीचा इतिहास केवळ बोगद्याचा नाही, तो वाटपाच्या नियमांचाही आहे. पाण्याची पाळी 'मीराब' ठरवी, म्हणजे खानदेशच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करी साधारण तेच. पाळी मोजण्यासाठी तळाला छिद्र असलेले तांब्याचे भांडे मोठ्या पात्रातील पाण्यावर सोडत आणि ते भरून बुडाले की एक माप झाले असे धरत. याशिवाय 'हरीम' नावाची कायदेशीर संकल्पना होती. हरीम म्हणजे प्रत्येक विहिरीभोवती व कनातीभोवती राखलेली अशी कक्षा, जिच्या आत दुसऱ्याने खोदायचे नाही. इराणच्या नागरी संहितेनेही ती स्वीकारली आणि कनातीसाठी मऊ जमिनीत 500 गज, तर कठीण जमिनीत 250 गज अंतर घातले. मात्र या व्यवस्थेला समतेचा नमुना समजण्याचे कारण नाही. पिकाचे जमीन, पाणी, बियाणे, बैल आणि श्रम असे पाच वाटे करण्याची रीत अनेक ठिकाणी होती, आणि ज्याच्याकडे श्रमाखेरीज काही नसे त्या कुळाच्या हाती जेमतेम पाचवा हिस्सा पडे. कनातीच्या डागडुजीचा खर्च जमीनदार करी तो परोपकार म्हणून नव्हे, तर उरलेले वाटे त्याचे होते म्हणून.

1962 साली सुरू झालेल्या आणि 1963 च्या 'श्वेत क्रांती'त सामावलेल्या जमीन सुधारणांनी ही जमीनदारी मोडली. ती मोडायलाच हवी होती. पण जमिनीचे तुकडे कुळांना देताना कनातीची देखभाल यापुढे कोणी आणि कोणत्या पैशातून करायची, याची पुरेशी तजवीज झाली नाही. त्याच काळात तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या योजना संघटनेने मोठ्या धरणांचा मार्ग धरला होता. करज, सफीद रूद आणि 203 मीटर उंचीचे देझ ही धरणे 1961 ते 1963 या काळात उभी राहिली, आणि देझच्या लाभक्षेत्रात मोठ्या कृषी कंपन्यांसाठी खेडी हटवून शेतकऱ्यांना मजूर करण्यात आले. त्या कंपन्यांपैकी बहुतेक पुढे तोट्यात गेल्या. पण निर्णायक बदल धरणांचा नव्हे, पंपाचा होता. कनात भूजलाच्या पातळीबरोबर आपोआप आटते वा वाढते, म्हणजे तिच्या रचनेतच मर्यादा असते. खोल कूपनलिका पातळी खाली गेली की आणखी खाली जाते. हरीम मोजला जात होता जमिनीवरच्या गजांत, आणि कूपनलिकेचा उपसा त्या गजांपलीकडल्या कनाती कोरड्या पाडीत होता.

1979 च्या क्रांतीने राज्यकर्ते बदलले, पाण्याची दिशा बदलली नाही. इराकशी झालेले आठ वर्षांचे युद्ध आणि नंतरचे आर्थिक निर्बंध यांमुळे गव्हाच्या स्वयंपूर्णतेला राष्ट्रीय प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. स्वस्त वीज व इंधन मिळत गेले आणि विहिरींची संख्या लाखांत गेली, त्यांत विनापरवाना विहिरींचा वाटा फार मोठा. देशातील पाण्याचा सुमारे 90 टक्के वापर शेतीत होऊ लागला. परिणाम जमिनीनेच दाखवले. तेहरानच्या नैर्ऋत्येकडील मैदान काही ठिकाणी वर्षाला 25 सेंटिमीटरच्या आसपास खचत असल्याचे उपग्रहांच्या मोजणीतून दिसले, आणि असे खचलेले भूजलाचे थर पाऊस आला तरी पूर्ववत भरत नाहीत. 1990 च्या दशकात 5,000 चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले उर्मिया सरोवर पुढील वीस वर्षांत सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले. पाऊस कमी झाला हे खरे, पण त्याच्या नद्यांवरील धरणे आणि खोऱ्यातील वाढलेली शेती बाजूला ठेवून केवळ आभाळाला दोष देणे ही सोयीची पळवाट आहे.

यझ्दची गोष्ट या सर्वांहून बोलकी आहे. कनातींसाठी जगभर ख्यात असलेल्या या शहराच्या उद्योगांना व वाढत्या लोकवस्तीला जुने पाणी पुरेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानच्या जायंदे रूद नदीचे पाणी नळाने तेथे नेण्यात आले. नदी मात्र इस्फहानच्या ख्वाजू पुलाखाली वर्षातील बराच काळ कोरडी राहू लागली, आणि 2013 मध्ये इस्फहानच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांनी ती जलवाहिनी फोडली. 2016 मध्ये युनेस्कोने इराणच्या 11 कनातींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. यझ्दमध्ये 2000 सालापासून पाण्याचे संग्रहालय आहे; तेथे मुकन्नींची अवजारे मांडून ठेवली आहेत.