अर्धी गोळी आणि मापाचे टोपण



मागच्या पावसाळ्यात नातवाला ताप भरला. सूनबाईने कपाटातून दोन बाटल्या काढल्या, एक पॅरासिटामॉलची आणि एक आयब्युप्रोफेनची. म्हणाली, "आई, यातली कुठली देऊ?"

माझ्या लहानपणी हा प्रश्नच पडत नसे. घरात अ‍ॅस्पिरिनची गोळी असे. मोठ्यांना पूर्ण, मुलांना अर्धी, अगदी तान्ह्याला पाव, साखरेच्या पाण्यात चुरून. आमची आई दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब वापरत नसे, धान्य निवडताना किडा दिसला तर हळूच बाजूला सोडायची. पण गोळी मात्र अंदाजानेच मोडायची. तिला दोष कसा देऊ? तेव्हा घरोघरी तसेच चाले. आज या औषधांबद्दल जे कळले आहे, ते कसे कळत गेले तेच सांगते.

अ‍ॅस्पिरिनचे मूळ एका झाडाच्या सालीत आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलो झाडाच्या सालीची पूड तापाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि गुण येतो असे रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार केले आणि दोनच वर्षांत ते बाजारात आले. ताप उतरे, अंगदुखी थांबे. मुलांना देऊ नये असे कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

पॅरासिटामॉलची गोष्ट चुकीतून सुरू होते. १८८६ मध्ये स्ट्रासबर्गला कान आणि हेप हे दोन डॉक्टर एका रोग्याला जंतांसाठी नॅप्थलीन देत होते. औषधाच्या दुकानातून चुकून अ‍ॅसिटानिलाइड आले. जंत राहिले, पण ताप उतरला! ते लगेच तापाचे औषध म्हणून खपू लागले. मात्र काही रोग्यांचे ओठ निळे पडत, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होई.

पॅरासिटामॉल तर त्याआधीच, १८७८ मध्ये, अमेरिकेत हार्मन मोर्स यांनी बनवले होते. पण १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते रोग्यांना देऊन पाहिले आणि यातही तोच दोष आहे असा निष्कर्ष काढला. एवढ्यावरून हे औषध अर्धशतक बाजूला पडले. १९४८ मध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की अ‍ॅसिटानिलाइडचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि गुण त्याचाच असतो. ओठ निळे करणारा पदार्थ वेगळाच होता. १९५५ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा टायलेनॉल नावाने मुलांचे पातळ औषध म्हणून विकायला आले, तेही लाल आगीच्या बंबासारख्या खोक्यातून.

तरी अ‍ॅस्पिरिन घराघरात होतेच. १९६३ मध्ये सिडनीच्या डग्लस राय यांनी २१ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या आजारातून बरी होऊ लागलेली मुले अचानक ओकू लागतात, भान हरपते, मेंदूला सूज येते, यकृतात चरबी साठते. त्या २१ पैकी १७ दगावली. कारण कळेना. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अशा मुलांच्या घरी चौकशी झाली, तेव्हा एक धागा सापडला. बहुतेक मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन दिले होते. १९८६ मध्ये तिथे वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ते देणे थांबले. अमेरिकेत १९८० मध्ये या आजाराची ५५५ मुले नोंदली गेली होती. १९९४ नंतर वर्षाला दोनच्या वर गेली नाहीत. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मलाही कांजिण्या आल्या होत्या आणि आईने मायेनेच अर्धी गोळी दिली होती.

दुसरी बाटली आयब्युप्रोफेनची. ते नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्टुअर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ८४,००० हून अधिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडे दिवस दिल्यास पोटातल्या रक्तस्रावामुळे किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडामुळे इस्पितळात जावे लागण्याचा धोका पॅरासिटामॉलपेक्षा वाढलेला दिसला नाही. आपल्याकडे निमेसुलाइडही मुलांना सर्रास दिले जाई. यकृताला इजा होण्याच्या भीतीने २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली.

मग सूनबाईला काय सांगितले? पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, त्यात आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूल ओकत असेल, अंगातले पाणी कमी झाले असेल तर मूत्रपिंडालाही ते जड जाते. म्हणून पहिली बाटली पॅरासिटामॉलची. पण तिचेही माप चुकले तर यकृत जाते. डॉक्टर साधारण किलोला १५ मिलिग्रॅम सांगतात, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवून, दिवसात चारदाच. आमच्या १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम झाले. ५ मिलीला १२५ ची बाटली असेल तर ६ मिली, २५० ची असेल तर फक्त ३ मिली. लेबल न वाचता दिले तर दुप्पट जाते. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी बाटली शोधत बसायचे नाही, थेट डॉक्टर.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे नाते प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडले आहे. माया असली तरी प्रमाद होऊ शकतो, हे मला या इतिहासाने शिकवले. औषधदानाला आपल्याकडे चार दानांत स्थान आहे. घरातल्या तान्ह्याला औषध पाजणे हेही तेच, मग त्यात पाणी गाळण्याइतकाच यत्नाचार हवा.

त्या रात्री आधी डॉक्टरांना फोन केला. मग बाळाला काट्यावर ठेवले, चष्मा लावून लेबल वाचले आणि टोपण डोळ्यांसमोर धरून ६ मिली ओतले. सूनबाईने कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवली.