एडमुंड रुम्प्लर : नष्ट दप्तर व अवशिष्ट वस्तु

ज्याचें दप्तर नाहींसें झालें, त्याच्या कर्तृत्वाचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करावयाचा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. जर्मनींतील विमानें व मोटारगाड्या यांचा एक आद्य कल्पक एडमुंड रुम्प्लर याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

रुम्प्लर मूळचा व्हिएन्नाचा, जन्म इ. स. १८७२, ज्यू कुळांत. आडलर या जर्मन मोटार-कारखान्यांत असतां, खडबडीत रस्त्यावर प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं व्हावें अशा दुभंग आंसाची योजना त्यानें १९०३ सालीं काढली. १९०८ सालीं त्यानें बर्लिन येथें विमानांचा कारखाना घातला. तेथील ‘टाउबे’ म्हणजे ‘पारवा’ हें विमान फार गाजलें; परंतु तें मूळ त्याचें नव्हे. ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिख यानें झानोनिया नांवाच्या वेलीचें वाऱ्यावर तरंगणारें सपक्ष बीज पाहून त्या पंखांचा आकार सिद्ध केला होता. रुम्प्लरनें प्रथम परवाना घेतला, मागाहून शुल्क नाकारलें व विमान आपल्या नांवानें विकलें. एट्रिखनें दावा मांडला. पण १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच तो सोडून दिला. हा डाग रुम्प्लरच्या चरित्रांतून पुसतां येत नाहीं.

पुढें व्हर्सायच्या तहानें जर्मनींतील विमानांचा धंदा बसला. तेव्हां वाऱ्याविषयींचें आपलें ज्ञान रुम्प्लरनें रस्त्यावर आणलें. १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलेली त्याची ‘थेंबगाडी’ वरून पाहतां पाण्याच्या थेंबासारखी दिसे : पुढें गोल, मागें निमुळती, यंत्र मागील आंसापुढें, हांकणारा पुढें मधोमध. सुमारें शंभर गाड्या झाल्या. पण यंत्राच्या तक्रारी फार, आणि सामान ठेवण्यास जागा नाहीं. कांहीं भाड्यानें फिरल्या. कांहीं १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटासाठीं जाळण्यांत आल्या.

१९३३ सालीं हिटलरचा अंमल येतांच रुम्प्लर ज्यू म्हणून कैद झाला. सुटका लवकर झाली, पण धंदा कायमचा बुडाला. १९४० सालीं तो मेक्लेनबुर्गांतील झ्यूझो गांवीं वारला. त्याचें दप्तर नाझींनीं नष्ट केलें.

परंतु दोन गाड्या राहिल्या. एक म्यूनिकच्या व एक बर्लिनच्या संग्रहालयांत. १९७९ सालीं फोक्सवागनच्या वातबोगद्यांत अशा गाडीची परीक्षा झाली, तेव्हां तिचा वातरोधाचा गुणांक ०.२८ भरला. हा अंक जितका लहान, तितका वाऱ्याचा अडथळा कमी. त्या वेळच्या साधारण मोटारींचा अंक ०.४ हून अधिक असे. अठ्ठावन्न वर्षांनीं वस्तूनेंच आपल्या कर्त्याची साक्ष दिली.

तथापि या साक्षीची मर्यादाही ओळखली पाहिजे. वस्तु काय साधलें तें सांगते. कल्पना कोणाची, तें सांगत नाहीं. ‘टाउबे’चा पंख कितीही मोजला तरी त्यांत एट्रिखचें नांव सांपडणार नाहीं, तें कागदांतच सांपडतें. दप्तर जाळणारा म्हणून माणसाची कीर्तिच नव्हे, तर त्याच्या ऋणांचा हिशेबही नाहींसा करतो. संग्राहकानें वस्तु व कागद दोन्ही राखावे, तें याचसाठीं.