काळोखाची ओढ : ‘सी. आय. डी.’ ते ‘सत्या’

कुकटपल्लीतून जाणाऱ्या हमरस्त्याला हैदराबादेत आजही ‘मुंबई हायवे’ म्हणतात. दिवेलागणीनंतर पुण्या-मुंबईच्या खासगी बसगाड्या येथे प्रवासी घेतात आणि सोलापूरच्या दिशेने निघून जातात. या वाटेवरचा प्रवास जुना आहे. तेलुगू मुलखातून गेलेल्या कामाठी मजुरांवरूनच मुंबईतील एका वस्तीला कामाठीपुरा हे नाव पडले. हिंदी गुन्हेगारीपटाच्या इतिहासातही हैदराबादेहून मुंबईकडे असे दोन महत्त्वाचे प्रवास झाले. या चित्रपटांची ओढ आपल्याला का वाटते, हा प्रश्न त्या दोन प्रवासांच्या आधारे तपासून पाहावा असे वाटते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. कायद्याने नाकारलेली वस्तू लोकांना हवीच होती, आणि ती पुरवणाऱ्या टोळ्या शहरांत माजल्या. १९३१ सालचे ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे चित्रपट त्याच वास्तवातून आले. त्यांतला टोळीवाला चढतो आणि शेवटी पडतो. प्रेक्षक थरार अनुभवून निर्धास्त मनाने घरी जातो. पुढे हिटलरच्या छायेतून निसटलेले फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर यांच्यासारखे दिग्दर्शक हॉलिवूडमध्ये आले. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या चित्रपटांत हा निर्धास्तपणा उरला नाही. १९४६ साली फ्रेंच समीक्षक नीनो फ्रांक यांनी अशा चित्रपटांसाठी ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, हा शब्द वापरला. हा काळोख केवळ प्रकाशयोजनेचा नव्हता. गुन्हा अंधाऱ्या गल्लीतून उठून सभ्य माणसाच्या दिवाणखान्यात येऊन बसला होता.

मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला, आणि चोरट्या दारूभोवती येथेही टोळ्या उभ्या राहिल्या. १९५१ साली गुरुदत्त यांचा ‘बाजी’ आला. त्यात आजारी बहिणीच्या उपचारांसाठी पैसा हवा असलेला एक जुगारी आहे, आणि जुगाराच्या क्लबाचा अदृश्य मालक नायिकेचा प्रतिष्ठित पिता निघतो. राज खोसला यांच्या ‘सी. आय. डी.’मध्येही (१९५६) एका संपादकाच्या खुनामागे दानशूर म्हणून मिरवणारा गृहस्थ असतो. त्या गृहस्थाच्या जाळ्यातली आणि शेवटी नायकाच्या मदतीला येणारी कामिनी ही वहिदा रेहमान यांची पहिली हिंदी भूमिका. १९५५ सालच्या ‘रोजुलु मारायी’ या तेलुगू चित्रपटातील नृत्याने त्या गाजत असताना गुरुदत्त यांनी त्यांना हैदराबादेत पाहिले, आणि तेथून त्या मुंबईस गेल्या. हा पहिला प्रवास.

मात्र पन्नाशीच्या दशकातील हा काळोख अखेरीस विरतो. नायकावरचा आळ दूर होतो, सभ्य खलनायकाचा मुखवटा गळतो आणि कायदा आपल्या जागी परत येतो. नव्या स्वातंत्र्यावरचा विश्वास अद्याप पुरता ओसरला नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

दुसरा प्रवास राम गोपाल वर्मा यांचा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या या तरुणाने अमीरपेठेत, याच रस्त्यावर कुकटपल्लीच्या अलीकडे, व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवले. १९८९ साली त्यांचा पहिला चित्रपट ‘शिवा’ तेलुगूत आला आणि ३ जुलै १९९८ रोजी ‘सत्या’ प्रदर्शित झाला.

‘सत्या’चा नायक मुंबईत येतो, पण कोठून येतो हे चित्रपट सांगत नाही. त्याला आडनाव नाही, गाव नाही, भूतकाळ नाही. उलट त्याला तुरुंगात भेटणारा भिकू म्हात्रे आडनावापासूनच या किनाऱ्याचा आहे. त्याला बायको आहे, मुले आहेत, घरातली भांडणे आणि लाड आहेत. हिंदी पडद्यावर मराठी नाव तोवर बहुधा हवालदाराला किंवा मोलकरणीला मिळत असे. येथे ते समुद्राकाठच्या खडकावर उभे राहून मुंबईवर हक्क सांगणाऱ्या माणसाला मिळाले. मनोज बाजपेयी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मराठी प्रेक्षकही भिकूवर लुब्ध झाले. त्या लोभात अभिमान किती आणि विषाद किती, हे सांगणे कठीण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांची घडी विस्कटली, आणि त्या वस्त्यांतील काही मुले टोळ्यांत गेली. चित्रपट हा इतिहास सांगत नाही. तथापि तो माहीत असलेल्या प्रेक्षकाला भिकूच्या आरोळीत त्याचा पडसाद ऐकू येतो. आणि भिकूला गोळी घालणारा भाऊ निवडणूक जिंकून सभ्य झालेला असतो. ‘बाजी’तील दिवाणखाना येथे सत्तेत पोहोचला आहे. गणेशविसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊचा सूड घेतो खरा, पण तोही प्रेयसीच्या दारात पोलिसांच्या गोळीने मरतो. कोणावरचाच आळ दूर होत नाही.

तरीही या चित्रपटाकडे आपण पुन्हा पुन्हा वळतो. जानेवारी २०२५ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागलाही. या ओढीचे उत्तर मला त्यातील एका प्रसंगात सापडते. सत्या आणि विद्या चित्रपट पाहण्यास गेलेले असतात. पोलीस चित्रपटगृहाला वेढा घालतात. सत्या एक गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते, आणि त्या गोंधळात दोघे निसटतात. तुडवले जाऊन जे मरतात ते आपल्यासारखेच तिकीट काढून आलेले प्रेक्षक असतात. प्रथम पाहताना मात्र माझे सगळे लक्ष एकाच गोष्टीकडे होते : ती दोघे सुटतात की नाही. ती सुटली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. मेलेल्यांची आठवण मला नंतर झाली.

न्वारची ओढ मला येथे दिसते. गुन्हेगार आपल्याहून वेगळा आहे ही समजूत तो काही काळ काढून घेतो आणि आपली सहानुभूती किती सहजपणे भलत्या बाजूला जाते हे आपल्यालाच दाखवतो. ‘सी. आय. डी.’ने ती समजूत खेळ संपताना सन्मानाने परत केली होती. ‘सत्या’ ती परत करत नाही. चित्रपटगृहाचे दिवे लागतात, आणि आपण कोणासाठी श्वास रोखून धरला होता हे घेऊनच आपल्याला घरी जावे लागते.