सोवळे सोडणे आणि बाटणे : रेव्हरंड टिळकांच्या कुटुंबाविषयी एक टिपण

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांचे चरित्र बहुधा दोन बाजूंनी सांगितले जाते : एक कवी म्हणून, दुसरी धर्मांतरित विद्वान म्हणून. दोन्ही ठिकाणी 10 फेब्रुवारी 1895 हा त्यांच्या बाप्तिस्म्याचा दिवस मध्यवर्ती ठरतो. परंतु ज्या कुटुंबाने हे परिवर्तन सोसले, त्याचा इतिहास त्या दिवशी सुरू होत नाही आणि त्या दिवशी संपतही नाही. तो नाशिकच्या परिसरात, एका पिढीआधी सुरू होतो. ही गोष्ट दाखविणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांचे मातामह वासुदेव भगवंत जोगळेकर यांना 1857 च्या उठावाच्या प्रकरणात त्र्यंबकेश्वर येथे फाशी झाली. या घटनेचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांना असा बसला की, विटाळाची धास्ती त्यांच्या मनात कायमची घर करून राहिली. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही, असा दंडक झाला. या सोवळ्यामुळे घरातील बायकामुलांचे जे हाल झाले, ते लक्ष्मीबाईंनी विनोदाने सांगितले असले तरी त्यातील यातना लपत नाही. राजकीय घटनेचे पडसाद कुटुंबाच्या चुलीपर्यंत कसे पोचतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईच्या निधनानंतर ते लहान वयातच नाशिकास आले व तेथेच त्यांचे शिक्षण झाले. 1880 च्या सुमारास त्यांचा विवाह अकराबारा वर्षांच्या मनकर्णिकेशी झाला. पुढे राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ त्यांच्या हाती आला आणि त्या वाचनाचे पर्यवसान 1895 साली मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाले. त्यांचा संबंध अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनशी होता. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीसारख्या खेड्यांच्या मुलुखात त्यांनी काम केले.

येथे एका शब्दाचा विचार आवश्यक आहे. मिशनच्या लेखनात या घटनेला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आहे. सुशिक्षितांच्या लेखनात ‘धर्मांतर’ आहे. बोलीत मात्र ‘बाटणे’ हे क्रियापद वापरले जाई. हेच क्रियापद भांडे, पाणी व अन्न यांनाही लागते. म्हणजे शेजारपाजाऱ्यांच्या भाषेत धर्म बदलणे ही श्रद्धेची नव्हे, तर स्पर्शाची घटना होती. शिवाय ‘बाटणे’ हे अकर्मक. माणूस ते करीत नाही, ते त्याचे होते. त्याचे प्रयोजक रूप ‘बाटविणे’. त्यात कर्ता असतो, पण तो दुसराच कोणीतरी, बहुधा मिशनरी. स्वतः विचार करून निर्णय घेणाऱ्या माणसाला या दोन्ही रूपांत जागा नाही.

लक्ष्मीबाईंचे वर्तन या व्याकरणात बसत नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ त्या मुलगा दत्तू याच्यासह पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या नगरास आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच : स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्यानंतर जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे त्याच्याही नंतरचा. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी स्पर्शाचा प्रश्न सुटला, मग श्रद्धेचा. त्या बाटल्या नाहीत, त्यांना कोणी बाटविलेही नाही. त्यांनी सोवळे सोडले. ‘सोडणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो.

त्यांच्या निवेदनातही हा स्वतंत्रपणा दिसतो. पतीचे नाव घेऊ नये, हा त्या काळच्या स्त्रियांचा संकेत. लक्ष्मीबाई सर्वत्र ‘टिळक’ असे आडनाव लिहितात. त्यामुळे संकेतही राखला जातो आणि पतीकडे काहीशा अंतरावरून पाहणेही साधते. पुढे या घरात निराश्रित मुले वाढली, बालकवी ठोमरे घरच्यासारखे राहिले. ज्या मुलीचे बालपण धुण्यापुसण्यात गेले, तिच्याच पंगतीला कोणीही बसू लागले. टिळकांच्या पाळकपणाचा खरा ताळेबंद मांडावयाचा, तर तो या पंगतीवरून मांडावा लागेल.

टिळक 1919 साली मुंबईस निवर्तले. लक्ष्मीबाईंचे निधन 1936 साली नाशिकात झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी चार वर्षे, 2 मार्च 1930 रोजी, पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता व तो पुढे कित्येक वर्षे चालला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही; एकीत स्पर्शाचा विटाळ मानणारे घर आहे, दुसरीत तो विटाळ ज्यांच्या माथी मारला गेला ते लोक आहेत, आणि हा भेद मोठा आहे. तथापि पंचवटीच्या दारात जो प्रश्न उभा राहिला, तोच जलालपूरच्या एका घरात सत्तर वर्षे आधी शिरला होता. त्या घरातील मुलीने त्याचे उत्तर आधी आपल्या ताटात आणि नंतर आपल्या पुस्तकात दिले. म्हणून पाळकाचे चरित्र लिहिणाऱ्याने चर्चच्या नोंदवहीइतकेच स्वयंपाकघराकडेही पाहावे, असे सुचवावेसे वाटते.