'पोशम पा' आणि नाशिकमध्ये सापडलेला धागा

नाशिक - मालिका खून आणि मारेकऱ्याच्या मागावर निघालेले पोलिस हा थरारपटांचा हुकमी विषय. मुंबईतील रमण राघव प्रकरणावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये चित्रपट केला. अनुराग कश्यप यांचा 'रमण राघव २.०' २०१६ मध्ये आला. 'झी फाइव्ह'वर ऑगस्ट २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुमन मुखोपाध्याय यांच्या 'पोशम पा' या हिंदी चित्रपटाचे मूळ मात्र नाशिकपर्यंत येऊन पोचते. माही गिल, सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अंजना गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या प्रकरणावर बेतलेला आहे.

१९९० ते १९९६ या काळात या तिघींनी पश्चिम महाराष्ट्रासह अनेक शहरांतून लहान मुले पळविली. मंदिरे, जत्रा, बसस्थानके अशा गर्दीच्या ठिकाणी चोरी करताना कडेवर मूल असले, की संशय येत नसे. मूल अडचणीचे ठरू लागताच त्याचा जीव घेतला जाई. १३ अपहरणे व नऊ खुनांचा आरोप त्यांच्यावर होता.

पडद्यावरील गुप्तहेर पहिल्या खुनापासून मारेकऱ्याचा माग काढतो. येथे तसे घडले नाही. बळी बहुतांशी गरीब घरांतील होते आणि शहरे वेगवेगळी. त्यामुळे या घटनांमागे एकच टोळी आहे, हे सहा वर्षे उघडकीस आले नाही. अंजनाच्या पूर्वीच्या पतीच्या मुलीला पळविण्याच्या प्रकरणात नोव्हेंबर १९९६ मध्ये या तिघींना नाशिकमध्ये अटक झाली आणि मग एकेक गुन्हा बाहेर येत गेला. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. रेणुकाचा पती माफीचा साक्षीदार झाला.

खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच अंजनाचा कोठडीत मृत्यू झाला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. मात्र या अर्जावरील निर्णयास सरकारी यंत्रणेने सुमारे आठ वर्षे लावल्याने मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

दरम्यान, हरवलेल्या प्रत्येक बालकाबाबत गुन्हा नोंदवून अपहरण गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट केले. एका ठाण्यातील नोंद दुसऱ्या शहरातील पोलिसांना दिसावी, यासाठी आता संगणकीय यंत्रणाही आहे. मूल हरवल्याची तक्रार पहिल्याच दिवशी गांभीर्याने घेतली जाणे, हाच या प्रकरणाचा खरा धडा आहे. चित्रपटातील थरार दोन तासांत संपतो. त्या मुलांच्या घरची प्रतीक्षा मात्र संपलेली नाही.