न उघडणारे तोंड : हनुसंधी, आघाततरंग आणि गांधीबागेतला खर्रा

तर्जनी कानाच्या छिद्रापुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडून मिटा. बोटाखाली जे सरकताना जाणवते, तो जबड्याचा सांधा. जुन्या ग्रंथांतील नाव हनुसंधी. आजचा धागा या सांध्याच्या उपचारांच्या इतिहासाविषयी आहे. त्यात इजिप्तचा पपायरस येईल, एक जर्मन विमान कंपनी येईल, अमेरिकेतील एक वैद्यकीय दुर्घटना येईल, आणि शेवटी आपण पुन्हा नागपुरात येऊ.

सुरुवातही नागपुरातूनच करू. सेंट्रल अव्हेन्यूवर अग्रसेन चौकाजवळ उभे राहिले की गांधीबागेचा सगळा स्वभाव ध्यानात येतो. कापडाची ठोक बाजारपेठ, औषधांचा ठोक बाजार, हातगाड्या, हमाल, आणि फार दूर नाही असे मेयो रुग्णालय. आज त्याचे अधिकृत नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, पण नागपूरकरांच्या तोंडी ‘मेयो’ गेलेले नाही. या सगळ्याच्या मधोमध पानठेले. ठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटला जातो. दुसरीकडे, शहरातील फिजिओथेरपी केंद्रांच्या पाट्यांवर गेल्या काही वर्षांत ‘शॉकवेव्ह’ हा शब्द दिसू लागला आहे: टाच, खांदा, कोपर, आणि आता जबडाही. ठेला आणि पाटी यांचा संबंध काय, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

आधी सांध्याची ओळख. खालच्या जबड्याची दोन्ही टोके कवटीच्या खाचेत बसतात आणि मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना हे टोक प्रथम जागच्या जागी फिरते आणि मग पुढे घसरते. एकाच सांध्यात दोन प्रकारच्या हालचाली, आणि डावा-उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले. एक बिघडला की दुसऱ्याला भोगावे लागते. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. मोजपट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. ती सहज मावली पाहिजेत.

या सांध्यावरील उपचाराची सर्वांत जुनी नोंद इजिप्तमधील ‘एडविन स्मिथ पपायरस’मध्ये आहे. इ.स.पू. १६०० च्या सुमाराची ही प्रत. निखळलेला जबडा बसवताना वैद्याने दोन्ही अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवावेत आणि बोटांनी हनुवटी खालून धरावी, असे तिच्यात सांगितले आहे. चरकसंहितेतील वातव्याधीच्या अध्यायातही जवळजवळ हीच कृती आढळते: आधी शेक, मग अंगठ्यांनी दाब आणि बोटांनी हनुवटी वर उचलणे. सुश्रुताने भग्नचिकित्सेत याला पट्टबंधाची जोड दिली. सांधा जागेवर आणून शेकल्यावर ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधावा. नील ते गंगा एवढे अंतर, तरीही अंगठा त्याच जागी. कोणी कोणाकडून घेतले या वादात मला फारसा रस नाही. जबड्याची रचना सगळीकडे सारखी असल्यामुळे सगळ्यांचे हात एकाच जागी पोहोचले असावेत, एवढेच म्हणतो.

वाग्भट मात्र एक पाऊल पुढे जातो. ‘अष्टांगहृदया’त त्याने जबडा उघडा राहण्याची किंवा मिटून बसण्याची कारणे दिली आहेत: जीभ फार खरवडणे, मार लागणे आणि कोरडे पदार्थ चावणे. अशा रोग्याला चावणे आणि बोलणे कष्टाचे होते, असेही तो नोंदवतो. जबडा का अडला, हा प्रश्न कसा सोडवावा याच्याआधी विचारायचा असतो, हे भान त्या श्लोकांत आहे. पुढच्या शतकांत ते अनेकदा हरवले.

एकोणिसाव्या शतकात भूल देण्याची आणि जंतुनाशनाची सोय झाली आणि हाताची जागा सुरीने घेतली. १८८७ मध्ये एडिंबरोच्या थॉमस अॅनंडेल या शल्यविशारदाने सांधा उघडून आतील सरकलेली चकती टाक्याने जागेवर बसवल्याचे प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अवघ्या ११ रुग्णांच्या आधारे एक सिद्धान्त मांडला. दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्याचे टोक मागे दाबले जाते, आणि त्यातून कानदुखी, चक्कर, डोकेदुखी उद्भवते. सिद्धान्त सुटसुटीत होता आणि तो उचलला गेला. दातांची उंची वाढवणे, दात घासून चावा ‘दुरुस्त’ करणे यांची लाट आली. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिचर यांनी दाखवले की कॉस्टेन म्हणतात तसा दाब त्या नसांवर पडूच शकत नाही. पण रूढ झालेला उपचार एका लेखाने थांबत नाही. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी दुखण्याचे मूळ अनेकदा सांध्यात नसून चावण्याच्या स्नायूंत, त्यांच्या थकव्यात आणि मनावरील ताणात असते असे मांडले, तेव्हा कुठे दिशा बदलू लागली.

आणि तरीही सर्वांत मोठी ठेच पुढेच होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील व्हायटेक या कंपनीचे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे रोपण खराब चकतीच्या जागी बसवले जाऊ लागले. तव्याला अन्न चिकटू नये म्हणून ज्याचा लेप देतात, तेच हे टेफ्लॉन. कागदावर कल्पना उत्तम: घसरणाऱ्या सांध्यात घसरणारा पदार्थ. प्रत्यक्षात चावण्याच्या जोराने त्याचे कण झाले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि त्या लढाईत आजूबाजूचे हाड झिजले. काही रुग्णांत झीज कवटीच्या तळापर्यंत पोहोचली. कंपनी १९९० मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि पाठोपाठ रोपणे परत मागवण्यात आली. तोवर ती हजारो लोकांच्या जबड्यांत बसलेली होती. रोपण काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया, मग आणखी एक, अशी अनेकांची वर्षे गेली. आज जबड्याच्या दुखण्यात ‘आधी न कापता काय करता येईल ते पाहू’ असे डॉक्टर म्हणतात, त्यामागे या रुग्णांनी मोजलेली किंमत आहे.

न कापता करायच्या उपचारांच्या शोधात आघाततरंग या सांध्यापर्यंत आला. त्याचा जन्म मात्र दवाखान्यात झालेला नाही.

ध्वनीपेक्षा वेगवान विमान पावसातून गेले की पाण्याचा थेंबही त्याच्या पत्र्याला गोळीसारखा लागतो. जर्मनीतील डॉर्नियर ही विमान कंपनी अशा आघातांचा अभ्यास करत होती. आघाताची लाट घन पदार्थातून आणि पाण्यातून जाते आणि जिथे पदार्थाची घनता एकदम बदलते तिथे आपला जोर दाखवते, हे त्यातून स्पष्ट झाले. मऊ शरीराच्या आत कठीण मुतखडा असला तर? म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीबरोबर काही वर्षे प्रयोग केले आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून सोडलेल्या तरंगांनी फोडण्यात आला. रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवावे लागे, कारण पाणी आणि शरीर यांतून तरंग जवळजवळ सारखाच प्रवास करतो. मध्ये हवा आली की तो अडतो. आज टबाऐवजी त्वचेवर जेल लावतात; तत्त्व तेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शॉकवेव्हमधला ‘शॉक’ विजेचा नाही. तो दाबाचा धक्का आहे: सेकंदाच्या अब्जांश भागांत दाब एकदम चढतो, मुतखड्याच्या यंत्रात तो वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट होतो, आणि लगेच शून्याखाली उतरतो.

मुतखडे फोडताना एक शंका होती: वाटेतील हाडाला इजा झाली तर? प्राण्यांवरील प्रयोगांत उलटेच दिसले. हाड घडवणाऱ्या पेशी जाग्या झाल्यासारख्या वागत होत्या. १९९१ मध्ये बल्गेरियातील वाल्चानोव आणि मिहाइलोव यांनी न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर या तरंगांचा उपयोग केल्याचा अहवाल दिला. २००० मध्ये टाचदुखीसाठी अशा यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता तरंगाचे काम फोडणे हे राहिले नाही. कमी ऊर्जेचा धक्का पेशींना हलवतो, त्या प्रतिसादात नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे पदार्थ स्रवतात आणि वेदनेचे संदेश मंदावतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. फिजिओथेरपी केंद्रांतील अनेक यंत्रे तर हवेच्या दाबाने छोटा ठोकळा आपटून पसरट दाबलहर तयार करतात. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने तो आघाततरंग नव्हेच. पाटीवर मात्र दोघांचे नाव एकच असते.

टाच आणि खांद्यानंतर पाळी जबड्याची आली. चावण्याचे स्नायू आखडलेले, सांधा दुखरा, तोंड अर्धेच उघडणारे अशा रुग्णांवर कमी ऊर्जेचे तरंग वापरून झालेल्या अभ्यासांत वेदना कमी झाल्याचे आणि तोंड अधिक उघडल्याचे नोंदवले गेले आहे. पण हे अभ्यास लहान आहेत आणि रुग्णांवर लक्ष ठेवल्याचा काळ बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. कॉस्टेन यांचे ११ रुग्ण ठाऊक असलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे सबुरीने घ्यावे. मला हा उपचार आशादायक वाटतो. सिद्ध झालेला वाटत नाही. टेफ्लॉनच्या तुलनेत त्याची एक बाजू निश्चित भक्कम आहे: तो आत काहीही ठेवून जात नाही.

आता पुन्हा गांधीबाग. कारण नागपुरात, किंबहुना सगळ्या विदर्भात, तोंड न उघडण्याचे कारण अनेकदा सांध्यात नसतेच.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या संशोधकाने केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विचित्र विकाराचे वर्णन केले: आतली त्वचा पांढुरकी, ताठ, दोरीसारखी होत जाते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशालगतच्या भागातील याच विकाराचे वर्णन करून त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले, आणि तेच जगभर टिकले. पुढे फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने भारतभर तोंडांच्या तपासण्या केल्या. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत महाराष्ट्रातील १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली होती. आरसा, उजेड आणि पायपीट यांवर उभे राहिलेले हे काम आपल्या वैद्यकीय इतिहासात फारच कमी सांगितले जाते.

या विकाराचे मुख्य कारण सुपारी ठरले. तंबाखू नसली तरी सुपारी पुरते. तिच्यातील द्रव्ये तंतुमय ऊती वाढवतात आणि त्या मोडण्याची शरीराची क्रिया मंदावतात. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक म्हणून नोंदवले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पण ती पुडी कारखान्यातून येई. खर्रा तर गिऱ्हाइकासमोर घोटून मिळतो.

दिवसभर गाठोडी उचलणारा पंचविशीतला हमाल असो की परीक्षेच्या अभ्यासासाठी जागणारा विद्यार्थी, गालात खर्रा धरून ठेवणाऱ्याचे तोंड हळूहळू, न दुखता कमी उघडू लागते. प्रथम तिखट झोंबते. मग तीन बोटांऐवजी दोनच मावतात. ‘जबडा धरला’ असे वाटून तो एखाद्या केंद्रात गेला आणि कुणी तोंडाच्या आत न पाहताच कानापुढे यंत्र टेकवले, तर काय होईल? सांधा निरोगीच होता. ताठरलेली आहे ती गालाची आतली बाजू. इतकेच असते तर पैसे वाया गेले म्हणून सोडून देता आले असते. पण जिथे अर्बुद आहे किंवा असण्याचा संशय आहे, तिथे आघाततरंग वापरू नयेत, असे या उपचाराचे नियमच सांगतात. आणि सबम्युकस फायब्रोसिस ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ७.६ टक्के जणांना कर्करोग झाला.

म्हणून यंत्राच्या आधी बोट, आरसा आणि उजेड. अनुभवी दंतवैद्य प्रथम दातांमधले अंतर पट्टीने मोजतो, गालाच्या आत बोट फिरवून दोऱ्या लागतात का ते पाहतो, आणि मगच सांध्यावर बोट ठेवून चकतीचा ‘कट्’ आवाज येतो का ते तपासतो. १९६८ पासून नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, त्यामुळे यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

निदान फायब्रोसिसचे झाले तर खर्रा बंद, औषधे, आणि व्यायाम. या व्यायामाचे एक साधन आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्यांचे असते. दातांमध्ये जितक्या मावतील तितक्या पट्ट्यांची चवड ठेवायची, काही मिनिटे तशीच धरायची, आणि जमेल तेव्हा मध्ये आणखी एक सरकवायची. एका पट्टीची जाडी दोनेक मिलिमीटर. रुग्ण मोजतो ते पट्ट्यांमध्येच: गेल्या महिन्यात नऊ, आज अकरा.