आज्जीचा दुष्काळ आणि आकाशातला साक्षीदार

आज्जीकडे १९७२ च्या दुष्काळाचा एकही फोटो नाही. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ तेव्हा पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. तिथं तिनं खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, दुपारी सुकडी खाल्ली. हे ती आम्हाला अनेकदा सांगते. ती सांगत असते तेव्हा कुणीतरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. बहुतेक वेळा ती मीच असते.

गेल्या दिवाळीत मी तोच मोबाईल तिच्यासमोर धरला.

"आज्जी, हे आपल्या भागाचं चित्र आहे. १९७३ च्या सुरुवातीचं. उपग्रहातून काढलेलं."

तिनं चष्मा सारखा केला. "हे मधीमधी लाल काय हाय गं?"

"ते हिरवं समज. ह्या चित्रात झाडं-पिकं लाल दिसतात."

ती त्या राखाडी, निळसर पडद्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिली. नदीकाठची एखादी लाल रेघ सोडली तर काहीच नव्हतं. "मग बरोबर हाय," ती म्हणाली. "काय नव्हतंच."

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डेटा डाउनलोड करणं माझ्यासाठी रोजचं आहे. हे चित्र मला दहा मिनिटांत आणि फुकट मिळालं होतं. पण आज्जीचं ते वाक्य ऐकल्यावर मला प्रश्न पडला: तिच्या दुष्काळाचा हा पुरावा इतकी वर्षं कुणाच्या कपाटात होता? आणि ते कपाट उघडलं कुणी?

हे चित्र काढणारा उपग्रह अमेरिकेच्या नासानं २३ जुलै १९७२ ला सोडला. महाराष्ट्र पावसाची वाट बघत होता तेव्हाच. त्याचं नाव ईआरटीएस-१, पुढे लँडसॅट-१. तो १८ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर यायचा आणि एका चित्रात १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपायचा. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण एकरभर जमीन. घर दिसणार नाही, पण पीक आहे की नाही ते कळेल.

यावर सगळे खूश नव्हते. आमच्या जमिनीचं, खनिजांचं, पिकांचं चित्र आम्हाला न विचारता दुसऱ्या देशानं का काढावं, असा प्रश्न अनेक विकसनशील देशांनी विचारला. लॅटिन अमेरिकेतले देश त्यात पुढे होते. संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी ३ डिसेंबर १९८६ ला आमसभेनं दूरसंवेदनाची १५ तत्त्वं मान्य केली. चित्र काढायला आधी परवानगी लागेल, ही मागणी त्यात टिकली नाही. त्याऐवजी बाराव्या तत्त्वात एक आश्वासन मिळालं: ज्या देशाचं चित्र काढलं, त्याला ते भेदभाव न करता आणि वाजवी किमतीत मिळेल.

आता हे 'वाजवी' कुणी ठरवायचं? अमेरिकेनं १९८४ मध्ये कायदा करून लँडसॅटची विक्री खासगी कंपनीकडे सोपवायचं ठरवलं होतं. पुढच्या काही वर्षांत एका चित्राची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत गेली. त्या दरात एखाद्या जिल्ह्याचा वीस वर्षांचा बदल अभ्यासायचा म्हटलं, तर आपल्याकडच्या विद्यापीठांचं बजेटच संपलं असतं. चित्रं होती, आश्वासनही होतं. चित्रं बघणारं मात्र फारसं कुणी नव्हतं.

दुसरी अडचण मला इंजिनियर म्हणून जास्त रंजक वाटली. लँडसॅट-५ वर चित्रं साठवायला टेपरेकॉर्डरच नव्हता. दिसलेलं चित्र तेव्हाच्या तेव्हा खाली पाठवायचं, एक तर रिले उपग्रहामार्फत, नाही तर खालच्या देशातल्या एखाद्या स्थानकाकडे. भारतानं १९७९ मध्ये हैदराबादजवळ शादनगरला असं स्थानक उभं केलं होतं. कॅनडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया असे अनेक देश आपापल्या अँटेनांनी आपापल्या डोक्यावरची चित्रं पकडत होते. म्हणजे उपग्रह अमेरिकेचा, पण पृथ्वीचा अल्बम मात्र पानं सुटून जगभर विखुरलेला. कितीतरी चित्रांची प्रत अमेरिकेकडेही नव्हती.

हे बदललं २००८ मध्ये. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागानं लँडसॅटची जुनी-नवी सगळी चित्रं इंटरनेटवर मोफत द्यायचं ठरवलं. त्याआधी विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षातही सुमारे २५,००० चित्रं खपली होती. मोफत झाल्यावर वर्षाच्या आत १० लाखांवर चित्रं डाउनलोड झाली. २०१० पासून देशोदेशीच्या स्थानकांतल्या टेपा गोळा करून एका संग्रहात आणायचं काम सुरू झालं. २०१५ पर्यंत त्यातून ३० लाखांहून जास्त चित्रं आली आणि संग्रह दुपटीहून मोठा झाला. युरोपनंही २०१४ पासून आपल्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा सगळ्यांना खुला केला.

आपण यात नुसते घेणारे नाही. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा आपला पहिला पूर्ण क्षमतेचा दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून गेला. नंतर आपणही आपली चित्रं जगाला विकली. सुरक्षेच्या कारणानं आपणही बराच डेटा बंद ठेवला. २०२३ च्या अंतराळ धोरणात मात्र ५ मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं मोफत आणि खुली ठेवायचं म्हटलं आहे. जुलै २०२५ मध्ये नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला, त्याचा डेटाही खुला ठेवायचं ठरलं आहे.

तरी यातलं काहीच कायमचं नाही. लँडसॅटवर पुन्हा शुल्क लावता येईल का, याचा विचार अमेरिकन सरकारनं २०१८ मध्ये केला होता. शुल्क लागलं नाही. पण एका सरकारनं उघडलेलं कपाट दुसरं सरकार बंद करू शकतं. म्हणून एकाच देशाच्या मेहरबानीपेक्षा अनेक देशांनी एकमेकांना दिलेला शब्द, आणि अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रती, मला जास्त भरवशाच्या वाटतात. सर्व्हरचा बॅकअप एकाच खोलीत ठेवायचा नसतो, हे आमच्या क्षेत्रात पहिल्याच नोकरीत शिकवतात.

त्या दिवशी मी आज्जीला आणखी एक नकाशा दाखवला. युरोपीय संघाच्या संशोधन केंद्रानं लँडसॅटची ३० लाख चित्रं चाळून, १९८४ पासून जगात कुठे किती काळ पाणी होतं, याचा नकाशा केला आहे. त्यात आमच्या गावाजवळ एक फिकट ठिपका आहे. वर्षातले काही महिने पाणी, मग कोरडा. तो आज्जीचा पाझर तलाव.

"हितं मी माती टाकलीय," ती म्हणाली. मग विचारलं, "ह्याचं पैसं किती घेतलं त्यांनी?"

"काहीच नाही."

"आन् दुसऱ्यांच्या गावाचं बी दिसतं?"

"सगळ्यांच्या."

"मग माझ्या माहेरचं काढ," ती म्हणाली आणि माझ्याजवळ सरकून बसली.